एकाच डोंगरावर पाच प्रदेश

उन्हाळ्यात वाईहून पाचगणीचा घाट चढू लागले, की हवा गार होत जाते. हा चढ जेमतेम सहाशे मीटरचा. तो पाच हजार मीटरचा असता तर? असा चढ पूर्व आफ्रिकेत टांझानिया देशात आहे. किलिमांजारो हा तो पर्वत. विषुववृत्तापासून अवघा तीन अंश दक्षिणेस असलेल्या या पर्वताची उंची आहे ५,८९५ मीटर. पायथ्याशी केळीच्या बागा आणि माथ्यावर हिम! हा पर्वत आपण मनाने चढून पाहू या.

पण आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधू. वर गेल्यावर गार का वाटते? सूर्यप्रकाश हवेला थेट फारसा तापवीत नाही. तो जमीन तापवितो आणि जमीन हवेला तापविते. तापलेली हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि त्यासाठी स्वतःचीच उष्णता खर्च करून थंड होते. सायकलच्या घट्ट भरलेल्या ट्यूबमधून सुटणाऱ्या हवेवर बोट धरून पाहा. ती गार लागेल. सर्वसाधारणपणे दर हजार मीटरला तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने उतरते. किलिमांजारोच्या पायथ्याशी सुमारे ८५० मीटर उंचीवर मोशी हे शहर आहे. तेथील वर्षाचे सरासरी तापमान सुमारे २३ अंश आहे. मग माथ्यावर किती असेल? गणित करा. उत्तर उणे ७ च्या आसपास येईल आणि प्रत्यक्षातही ते तेवढेच आहे!

आता चढू लागू. सुमारे १,८०० मीटरपर्यंत शेतीचा पट्टा आहे. चग्गा लोक येथे केळीच्या सावलीत कॉफी पिकवितात आणि डोंगरातील ओढ्यांचे पाणी पाट काढून शेतात आणतात. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. म्हणजे ते या पहिल्याच पट्ट्यात मावेल.

पुढे सुमारे २,८०० मीटरपर्यंत घनदाट अरण्य लागते. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे दक्षिण उतारावर अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. सह्याद्रीवर होते तेच येथेही घडते. सर्वांत जास्त पाऊस याच पट्ट्यात पडतो. खोडांवर शेवाळ आणि नेचे दाटलेले असतात, तर फांद्यांवर काळीपांढरी कोलोबस माकडे दिसतात.

अरण्य विरळ झाले, की एरिका नावाच्या बारीक पानांच्या झाडाझुडपांचा पट्टा सुरू होतो. येथे पाऊस कमी, पण धुके फार. फांद्यांवरून दाढीसारखी शैवाके लोंबत असतात. मसाल्यातले दगडफूल हे त्यांचेच भाईबंद. याच पट्ट्याच्या वरच्या भागात दोन नवलाच्या वनस्पती भेटतात. येथे जणू रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा! राक्षसी सेनेसिओ हे झाड आपली वाळलेली पाने गाळत नाही. खोडाभोवती घोंगडीसारखी गुंडाळून ठेवते. लोबेलियाच्या पानांच्या द्रोणात पाणी साठते. रात्री वरचे पाणी गोठते आणि त्या बर्फाच्या झाकणाखाली कोवळा कोंब सुरक्षित राहतो.

सुमारे ४,००० मीटरच्या वर थंड वाळवंट आहे. पाऊस अगदी थोडा, माती भुसभुशीत. जेमतेम गवताचे झुबके आणि खडकांवरील शैवाके तग धरतात. येथील एका मुक्कामाचे नाव आहे ‘बाराफू’. स्वाहिली भाषेत बाराफू म्हणजे बर्फ. शब्द ओळखीचा वाटला ना? सुमारे ५,००० मीटरच्या वर पाचवा पट्टा, खडक आणि हिमनद्यांचा.

हे पट्टे नेमके कोणी आखले? एकट्या तापमानाने नव्हे. ऊब आणि ओलावा या दोघांनी मिळून ते आखले आहेत. म्हणूनच यांपैकी एक जरी बदलले, तरी पट्टे जागचे हलतात.

तसे घडतही आहे. १९१२ ते २०११ या काळात माथ्यावरील सुमारे ८५ टक्के हिम नाहीसे झाले. तुम्ही म्हणाल, मग खालच्या शेतांचे पाणी तुटणार! पण पर्वताच्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा अगदी थोडा आहे. खरे पाणी देते ते अरण्य. एरिकाची बारीक पाने आणि शैवाके धुक्यातले थेंब गाळून घेतात. ते ठिबकून जमिनीत मुरतात आणि ओढ्यांना मिळतात.

हवामान तापले, की झाडे वर सरकतील असे आपल्याला वाटेल. येथे मात्र उलटे झाले. हवा कोरडी झाल्याने वणवे वाढले आणि त्यांनी अरण्याची वरची सीमा खाली ढकलली. ऑक्टोबर २०२० मध्येही येथे मोठा वणवा लागून तो कित्येक दिवस धुमसत होता. एरिकाचे रान जळते, तेव्हा धुके अडविणारी चाळणच जळते. हिम वितळल्याने होणाऱ्या हानीपेक्षा ही हानी मोठी आहे. हिम गेलेले दुरून दिसते. धुके वाया गेलेले दिसत नाही, एवढेच.

तुमच्या जवळच्या डोंगरावर जाल, तेव्हा पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्यावर तापमान मोजा व तेथील झाडे नोंदवा. कोणते झाड कुठे थांबते ते पाहा आणि ते तेथेच का थांबले, हे स्वतःला विचारा.