आधी घडी घालायला शिक

घसरगुंड्यांचे फोटो बघितले गं. ती निळी-पिवळी 30 फुटी फार देखणी आहे. एसटीतल्या पोरांनी खिडकीतून माना बाहेर काढाव्यात अशीच आहे. पण ॲडव्हान्स पाठवण्याआधी मला एवढंच सांग: जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ती ठेवणार कुठे?

तू तिकिटांचा हिशेब केलास, जागेचा केलास, साठवणीचा मात्र राहिला. आणि हवेच्या वॉटर पार्कचा नफा बुडतो तो तिथेच. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे फार तर 80 दिवस धंदा. समज, घसरगुंड्या, तलाव, ब्लोअर, फिल्टर मिळून 12 लाख घातलेस. माणसं, वीज, डिझेल, पाणी यांचे दिवसाला 7 हजार धर, म्हणजे हंगामाचे 5 लाख 60 हजार. तिकीट 300 ठेवलंस तरी हातात 254 येतात असंच पहिल्यापासून धर, कारण वॉटर पार्कच्या तिकिटावर 2018 पासून 18 टक्के जीएसटी आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तर नोंदणीची सक्ती नाही, पण जम बसला की ती हद्द ओलांडशील आणि तेव्हा गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगणं जड जातं. आता माल चार हंगाम टिकला, तर वर्षाला 3 लाखांची झीज. रोज 43 तिकिटं खपली की खर्च निघाला. तोच माल पहिल्याच पावसाळ्यात कुजला, तर रोज 87 लागतील, सोमवार-मंगळवार धरून. मंगळवारी दुपारी 87 माणसं कुठून आणशील?

म्हणून आधी घडी घालायला शिक. मान्सून केरळात आल्याची बातमी लागली की गाशा गुंडाळायची तयारी सुरू करायची, शेवटच्या रविवारच्या मोहात पडायचं नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन घसरगुंडी कडक उन्हात दिवसभर फुगवून ठेव. शिवणीतून पाणी आत झिरपलेलं असतं, ते खालची चेन उघडून काढ आणि चेन उघडी ठेवूनच ब्लोअर चालव. वरून कोरडी दिसली तरी फसू नकोस. पायऱ्यांच्या खाचेत आणि घसरण जिथे तलावाला मिळते त्या दुमडीत बोटं घाल. गार लागलं की अजून ओल आहे. ओली घडी घातली तर काळी बुरशी धरते, शिवणीचा दोरा कुजतो आणि मार्चमध्ये फुगवायला घेतली की बरोबर तिथेच उसवते. घडी जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेव. आणि सासरेबुवा धान्याची खोली देतो म्हणतील, त्यांना गोड शब्दांत नाही म्हण. धान्याला आलेला उंदीर पीव्हीसीलाही दात लावतो. श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली की एकदा उलगडून वारा दे.

खरेदीच्या वेळी उंची बघू नकोस, पाळी किती मिनिटांनी येते ते बघ. एका लेनवरून सुरक्षित अंतर ठेवून मिनिटाला तीन-चार पोरं उतरतात. 80 जण आत असतील तर एका पोराला किमान 20 मिनिटांनी एक पाळी. रांगेत उन्हात उभं राहिलेलं पोर घरी जाऊन काय सांगणार? त्या 30 फुटीच्या पैशात दोन मध्यम, दोन-दोन लेनच्या घे. एक दुरुस्तीला निघाली तरी दुसरी चालू राहते. कापड किमान 0.55 मिलिमीटर पीव्हीसी, ताण येतो तिथे दुहेरी शिवण, आणि त्याच थानातलं दोन-तीन मीटर कापड ठिगळांसाठी मालाबरोबरच मागून घे. चालू ब्लोअरवर शिवणीतून थोडी हवा येणारच, तिची रचनाच तशी असते. पण पट्टी बांधायच्या कड्या जिथे शिवल्यात तिथे स्वतः जोर लावून ओढून बघ, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस.

विजेचं स्पष्ट सांगते. विहिरीच्या मोटारीची लाइन यासाठी अजिबात वापरायची नाही. शेतीची थ्री-फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि शेतीच्या दराची वीज धंद्याला वापरली तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दंडाचं बिल येतं. वेगळं व्यावसायिक मीटर घे. 2 एचपीचे चार ब्लोअर आठ तास चालले तर साधारण 48 युनिट होतात, हा खर्च झेपणारा आहे. झेपत नाही तो मधेच गेलेला करंट. ब्लोअर थांबला की घसरगुंडी बघता बघता खाली बसायला लागते, वर पोरं असतात. जनरेटर तयार हवाच, पण शिट्टी वाजल्यावर वरच्या पोरांना आधी कोण उतरवणार याचा सराव रोज सकाळी माणसांकडून करून घ्यायचा. प्रत्येक लाइनला 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी कळ, लाव. ओल्या अंगाच्या पोरांमध्ये वायरी पसरलेल्या असतात, इथे काटकसर नको.

वाऱ्याचं बोलताना मात्र मला तुझा हात धरून बोलावंसं वाटतं. तुमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस कसा येतो ते तुला मी सांगायला नको: दुपारी पान हलत नाही, चारला पश्चिमेला काळं भरतं आणि पाच मिनिटांत धुळीची भिंत. 13 मे 2024 ला अशाच वादळात घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 जण गेले. आणि 16 डिसेंबर 2021 ला टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला एका शाळेच्या कार्यक्रमात वाऱ्याने हवेचा किल्ला उचलला, त्यात सहा मुलं गेली. युरोपच्या ईएन 14960 या मानकाप्रमाणे ताशी 38 किलोमीटरच्या वर वारा गेला की अशी खेळणी चालवायची नाहीत. पालवी असलेली लहान झाडं डोलायला लागतात तोच हा वारा. हातात धरायचं वारामापक घे, स्वतःकडे ठेव. अंदाज घेऊन झोताच्या आधीच रिकामं करायचं, आभाळ भरलं की पोरं बाहेर आणि हवाही बाहेर. शिवाय तलावाभोवती सांडलेल्या पाण्याने जमीन भिजते आणि सकाळी घट्ट बसलेली मेख दुपारी हलायला लागते. त्यामुळे नुसत्या मेखांवर विसंबू नकोस, काँक्रीटमध्ये कड्या पुरून घे. लोक पैसे परत मागतील, दे, किंवा पुढच्या वाराचा पास दे. ‘अजून अर्धा तास चालू दे’ म्हणणारे पाहुणे असोत की सरपंच, थांबवायचा शब्द फक्त तुझा.

पाण्याचं थोडक्यात सांगते. 20 बाय 10 मीटरचा तलाव अडीच फूट भरला तर दीड लाख लिटर लागतं, म्हणजे 10 हजार लिटरचे पंधरा टँकर. मे महिन्यात गावाला प्यायला टँकर येत असेल आणि तू रोज तलाव उपसत असशील, तर गाव तुला उभं करणार नाही आणि बरोबरच करेल. वाळूचा फिल्टर बसव, तेच पाणी राख. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, पीएच 7.2 ते 7.8, दिवसातून तीनदा तपासून वहीत लिही. उन्हात क्लोरीन उडून जातो, म्हणून मुख्य मात्रा सूर्य मावळल्यावर. ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांची परवानगी, विम्याचे कागद या वहीबरोबर एकाच फाइलीत ठेव.

उरले सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार आपोआप भरतात, तिथे जाहिरातीवर खर्च करू नकोस. शाळांच्या परीक्षा संपल्या की क्लासवाले, उन्हाळी शिबिरं, बायकांच्या भिशी यांना आठवड्यातल्या दिवसांचा गटाचा दर दे. बुधवार दुपार फक्त बायका आणि लहान पोरांसाठी ठेव, पाण्याजवळची माणसंही बायकाच. दर सांगायच्या आधीच हजेरी लागेल, बघ. कपडे बदलायच्या खोल्यांना आतून पक्की कडी आणि वरून छत, हे घसरगुंडीपेक्षा आधी. सुती कपड्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून नायलॉनचे कपडे सक्तीचे आणि भाड्याने तुझ्याकडेच. पाण्यातून बाहेर आलेलं माणूस भुकेनं कासावीस असतं. बचत गटाच्या बायकांना गरम भजी आणि ताकाची टपरी दे, वाटा ठरवून घे. गावची यात्रा आणि लग्नाच्या दाट तिथींना कॅलेंडरवर आधीच खूण कर, त्या दिवशी कामाला निम्मीच माणसं बोलव.

घरच्यांना म्हणावं, घडी ठेवायला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडला खालून कोबा करायला किती येतो तो आकडा काढा. तो आला की मला फोन कर, मग घसरगुंडीवाल्याशी दराचं मी बोलते.