फोनवर यंत्र, खुर्चीत पेशंट

प्रश्न : हुबळीत माझा दातांचा दवाखाना आहे. फोन घ्यायला एआय रिसेप्शनिस्ट ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण आधी धारवाडी कन्नडवर तपासून घ्या. तुमच्याकडचे पेशंट एकाच वाक्यात कन्नड, मराठी, हिंदी बोलतात; पुस्तकी भाषेवर तयार झालेले यंत्र तिथे अडखळू शकते. वेळ देणे, बदलणे, आठवण करून देणे एवढेच त्याच्यावर सोपवा. औषध त्याने कधीच सुचवू नये. गालावर सूज, ताप, गिळताना त्रास, न थांबणारे रक्त, यातले काहीही कानी पडले की फोन तत्काळ माणसाकडे गेलाच पाहिजे. दाढेचा संसर्ग मानेत उतरला तर श्वास कोंडू शकतो. समोर यंत्र आहे हे पेशंटला सुरुवातीलाच सांगा आणि रेकॉर्डिंगला संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे.