बालशिक्षिकेच्या पाठीशी कोण?

भोसरीपासून चाकणपर्यंत आमच्या भागात कारखान्यांच्या जोडीने 'मॉंटेसरी'च्या पाट्याही पुष्कळ दिसतात. चाळीतली एक खोली, भिंतीवर चार रंगीत चित्रे, की झाली मॉंटेसरी! हे एका बाईंचे आडनाव आहे हे मला अकरावीपर्यंत ठाऊक नव्हते. लहान मुलांच्या वर्गाला इंग्रजीत असेच म्हणत असावेत, अशी माझी समजूत होती.

माझी आई चौथी शिकलेली. चाकणजवळच्या एका बालवाडीत ती मदतनीस आहे. वडिलांनी वर्कशॉपमधून आणलेले टाकाऊ वायसर (गिळता येणार नाहीत असे मोठे) तिने घासूनपुसून मुलांपुढे ठेवले आणि सोबत एक निमुळती लाकडी खुंटी. मोठ्या भोकाचा वायसर आधी, लहान नंतर. क्रम चुकला की लहान वायसर मध्येच अडकतो, मोठ्याला खाली जाता येत नाही आणि मुलाची चूक मुलालाच कळते. बाईंनी ओरडायला नको. पालकसभेच्या दिवशी चालकांनी ते 'भंगार' उचलायला लावले. आईने उचलले. आपले बरोबर होते की चूक, हे तिने विचारायचे तरी कोणाला?

मारिया मॉंटेसरींनी १९०७ साली पहिले बालगृह उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. १९२९ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय संघ स्थापला. शिक्षिका तयार करणे आणि पद्धत शुद्ध राखणे हे त्याचे मुख्य काम.

आपल्याकडे त्याच्याही आधी, १९२६ साली, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला नूतन बालशिक्षण संघ काढला. संघाची 'शिक्षण पत्रिका' होती. तिची मराठी आवृत्ती ताराबाई पाहत. एखाद्या गावी एकटीच काम करणाऱ्या शिक्षिकेला असे मासिक म्हणजे केवढा आधार वाटत असेल! पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने झाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला.

शुद्धतेचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. आमच्याकडच्या पाट्या पाहिल्या की तो थोडा हवाच असे वाटते. पण शिंपल्याला साधन म्हणायचे धैर्य एकट्या बाईला येणे कठीण. शेजारी दुसरी कोणी असेल, तिनेही तेच करून पाहिले असेल, तर ते येते. संघाचा खरा उपयोग मला प्रमाणपत्रापेक्षा यात दिसतो.

अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र मी ग्रंथालयातून नेऊन आईला वाचून दाखवले. "त्या बाईंना पत्र घालता येईल का गं?" तिने विचारले. अनुताई १९९२ सालीच गेल्या, हे मला सांगावे लागले.

हल्ली महिन्यातल्या एका रविवारी शेजारच्या दोन अंगणवाडी सेविका आमच्या घरी येतात. परवा वायसरांची खुंटी मध्ये ठेवलेली होती. एकीने विचारले, "याला म्हणायचं काय?" आईला काही सांगता आले नाही. दुसरीने मात्र वहीत खुंटीचे चित्र काढून घेतले.