पाऊल टाकायला जमीन लागते

चि. सौ. मृणाल,

लेक चौदा महिन्यांचा झाला, दिवाणाला धरून उभा राहतो पण हात सोडत नाही, शेजारची पोरगी मात्र अकराव्या महिन्यातच घरभर फिरू लागली, ही तुझी काळजी कळली. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ साली जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय चालण्याचं सरासरी वय १२ महिने निघालं. पण सगळ्यांत लवकर आणि सगळ्यांत उशिरा चालणारी थोडी मुलं बाजूला काढली, तरी उरलेली ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान विखुरलेली होती. त्यांतली काही तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. शिवाय तुझा लेक सहा आठवडे आधी जन्मला आहे. तेवढे दिवस वयातून वजा करायचे असतात, म्हणजे चालण्यापुरता तो आज साडेबारा महिन्यांचाच आहे. तेव्हा कोणत्या तारखेला चालला यापेक्षा महिन्याभरात पुढे काय सरकलं, ते बघ. मागच्या महिन्यात नुसता उभा राहणारा आता दिवाणाच्या कडेकडेने तिरका सरकत असेल, एक हात सोडून खाली पडलेला चेंडू उचलायला गुडघ्यात वाकत असेल, तर गाडी रुळावर आहे.

मग आईबापांनी काय करायचं? माझ्या मते त्याला जमीन द्यायची, आणि पडू द्यायचं. न्यूयॉर्कच्या संशोधक कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनसोक्त खेळणाऱ्या एक ते दीड वर्षाच्या मुलांची पावलं मोजली. २०१२ साली छापून आलेला हिशेब असा, की तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. एवढा सराव कडेवर बसून होत नाही, आणि आपल्याकडे पोर दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतं, हेच खरं दुखणं! घरात त्याला अनवाणी राहू दे, गुळगुळीत फरशीवर मोजे नकोत. आवडती वाटी-चमचा दिवाणावर, त्याच्या छातीच्या उंचीला ठेव. मग दुसऱ्या टोकाला. दिवाण आणि खुर्ची यांच्यात आधी हातभर अंतर असू दे, ते हळूहळू वाढव. दोन्ही हात वर ओढून चालवलंस की अंगाचा भार तुझ्या हातांवर येतो आणि लेक चवड्यांवर जातो. त्यापेक्षा कमरेला धर. टेबलाच्या टोकदार कडांना मात्र कापड गुंडाळ.

आता आत्याबाईंनी हौसेने आणलेल्या वॉकरबद्दल. ‘आपल्याकडे पांगुळगाडा पूर्वीपासून होताच की,’ असं त्या म्हणतील. पण पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, तोल स्वतः सांभाळतं आणि गाडा ढकलतं. फक्त तो भरधाव पळणार नाही, याकडे लक्ष ठेवावं लागतं. वॉकरमध्ये मूल झोळीत बसल्यासारखं लोंबतं, चवड्याने जमीन मागे रेटतं आणि समोरच्या ट्रेमुळे त्याला आपली पावलंही दिसत नाहीत. तोल सांभाळायचं काम चाकं करतात. आयर्लंडमध्ये १९० मुलांच्या पाहणीत वॉकरच्या दर चोवीस तासांच्या एकूण वापरामागे चालणं साधारण तीन दिवसांनी लांबलेलं आढळलं. यावर कुणी म्हणेल, उशिरा चालणाऱ्यांनाच आईबाप वॉकर देत असतील. शंका रास्त आहे, आणि नुसत्या अशा पाहणीने कारण सिद्ध होत नाही, हेही मान्य. पण वॉकरने मूल लवकर चालतं याला तरी पुरावा कुठे आहे? जिन्यावरून कोसळण्याचा धोका तर निर्विवाद आहे. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: ‘याचा बापही उशिराच चालला, कशाला डॉक्टर?’ उशिरा चालणं काही घराण्यांत असतं, हे खरंच आहे. पण घराण्याच्या नावाखाली सगळंच झाकू नये. एकच हात किंवा एकच पाय जास्त वापरतो, पाय ताठ किंवा फार ढिले वाटतात, सतत चवड्यांवरच उभा राहतो, एका मांडीची वळी दुसरीपेक्षा वेगळी दिसते, किंवा येत असलेली गोष्ट करेनासा झाला, तर वयाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखव. खुबा, मेंदू, स्नायू, ड जीवनसत्त्व यांपैकी कारण कुठेही असू शकतं, आणि तेल चोळून त्यांतलं काहीच सुटत नाही. मालिश छान असते, पण ती मालिशच. यांतलं काहीही नसलं तरी दीड वर्ष पुरं होऊन तो चालत नसेल, तर तपासणी टाळू नकोस. मुलग्यांच्या बाबतीत स्नायूंच्या आजारासाठी क्रिएटिन कायनेज ही साधी रक्ततपासणीही डॉक्टरांना विचारून घे. खर्चाची चिंता असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी होते आणि तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

वॉकर माळ्यावर ठेवू नकोस, पुढच्या बाळाला पुन्हा खाली उतरेल. सरळ भंगारात दे.

तुझी,
मावशी