दोन प्रवाहांचा संगम

अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांत कष्टकरी लोक जी गीते गात, त्यांतून 'कंट्री' संगीत जन्मास आले. पुढे 'रॉक' या आवेशपूर्ण संगीताने तरुणांस वेड लावले. दोहोंचे रसिक मात्र परस्परांकडे पाठ फिरवून बसले. त्यांच्यामध्ये पूल बांधणाऱ्यांत ग्रॅम पार्सन्स हा अग्रणी होय.

त्याचा जन्म १९४६ साली फ्लॉरिडा राज्यात झाला. घर संपन्न होते. पण सुख थोडे. बाराव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि शालेय शिक्षण पूर्ण झाल्याच्या समारंभादिवशीच मातेचे निधन झाले. पोरक्या ग्रॅमला संगीताने आधार दिला.

१९६८ साली तो 'द बर्ड्‌स' या प्रसिद्ध गायकवृंदात सामील झाला. त्याच्या आग्रहाने या रॉक वृंदाने कंट्री गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. तिचा खप बेताचाच झाला. परंतु नव्या मार्गाचा आरंभ तेथेच झाला. पुढे एमिलू हॅरिस या तरुण गायिकेस त्याने कंट्री संगीताची गोडी लावली.

दुर्दैवाने ज्या हातांनी पूल बांधला, त्यांनीच मद्य व अमली पदार्थही जवळ केले. १९ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, व्यसनाने त्याचा बळी घेतला. त्याची अखेरची ध्वनिमुद्रिका त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

एमिलूने त्याची गीते देशोदेशी पोहोचविली. कला चिरंजीव ठरली. कलावंतास मात्र संयमाअभावी तिचे यश पाहता आले नाही.

स्वाध्याय : ग्रॅमने कोणत्या दोन प्रवाहांचा संगम घडविला? त्याच्या जीवनापासून कोणता बोध मिळतो?