तिखटपणा भांड्यातच राहतो

मिरीच्या तेलाची बाटली उघडून पुढे केली की समोरचा माणूस हमखास मान मागे घेतो. शिंक येणार, डोळ्यांत पाणी येणार, अशी त्याची खात्रीच असते. मग तो जपून हुंगतो आणि तिथेच थांबतो. नुकत्याच तासलेल्या लाकडासारखा, लिंबाच्या सालीकडे किंचित झुकणारा, कोरडा आणि उबदार वास. पुण्यात १७ वर्षं मी सुगंधी तेलांनी मालीश करते आहे. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, सुपारीच्या झाडांवर मिरवेल चढवलेलं. माझ्याकडे येणाऱ्यांना लव्हेंडर कोण हे सांगावं लागत नाही. मिरी आपल्या सह्याद्रीच्या ओल्या उतारांवरची, पण तिच्या तेलाची ओळख मात्र दर वेळी नव्याने करून द्यावी लागते.

१. तिखटपणा तेलात उतरत नाही

हे मी वाचलं होतं, पण पटलं ते मामेभावाच्या छोट्या भट्टीपाशी. त्याने १० किलो वाळलेली मिरी जाडसर भरडून भांड्यात भरली आणि खालून वाफ सोडली. अख्खी मिरी टाकली तर आतलं तेल नीट सुटत नाही. फार बारीक पूड केली तर वाफ एखादी वाट काढून तिथूनच निसटते आणि बाकीची पूड तशीच राहते. म्हणून भरडच हवी. थोड्या वेळाने थंड नळीच्या तोंडाशी पाणी जमू लागलं आणि पाण्यावर फिकट हिरवट थर तरंगू लागला. सहा तासांनी हाती आलं ते २०० ग्रॅमच्या आसपास. भावाने भांड्यातला चोथा चिमूटभर हातावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, चाखून बघ." सहा तास वाफ खाऊनही त्याने माझी जीभ पोळली.

मिरीचा तिखटपणा म्हणजे पाइपरीन. हान्स क्रिश्चियन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने ते १८१९ साली मिरीतून वेगळं काढलं. वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे पुढच्याच वर्षी दाखवणारे तेच हे ओर्स्टेड. पाइपरीन वाफेबरोबर उडत नाही, चोथ्यातच राहतं. वाफेबरोबर येतात ती पाइनीन, लिमोनीन, सॅबिनीन यांसारखी हलकी द्रव्यं, आणि त्यांच्यामागून कॅरियोफायलीन, जे लवंगेतही असतं. हे जड आणि आळशी. म्हणून घाईने भट्टी विझवली तर तेल टर्पेंटाइनसारखं विरळ वास देतं. लाकडाचा तो खोल वास शेवटच्या तासांत उतरतो.

याचा व्यवहारातला अर्थ फार थोड्यांच्या लक्षात येतो. हळदीबरोबर मिरी घेतली की हळदीतलं कर्क्युमिन अंगी जास्त लागतं, ते पाइपरीनमुळे. हळदीच्या दुधात या तेलाचा थेंब टाकू का, असं मला वर्षातून दहा जण तरी विचारतात. टाकू नका. सुंठ, मिरे, पिंपळीच्या त्रिकटूचं काम ही बाटली करणार नाही. ती हुंगण्यासाठी आणि पातळ करून त्वचेवर लावण्यासाठी आहे. उलट, ऑलिओरेझिन नावाचा दाट, गडद अर्क मिळतो, तो द्रावकाने काढलेला आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांसाठी असतो. त्यात पाइपरीन पुरेपूर असतं. तो चुकूनही अंगाला लावू नये.

२. तिखट नाही म्हणजे सौम्य आहे असं नाही

ही चूक मी स्वतः केली, व्यवसायाच्या दुसऱ्याच वर्षी. शेजारच्या काकूंचा गुडघा आखडला होता. तेल तिखट नसतं हे नुकतंच शिकले होते, त्या भरात चार थेंब तसेच गुडघ्यावर चोळले. दहा मिनिटांत कातडी लाल झाली, काकू कळवळल्या. मी धावत पाणी आणून ओतलं. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते आणखी पसरलं. शेवटी खोबरेल लावून, पुसून, पुन्हा लावून, असं तीनदा केल्यावर आग कमी झाली. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून माप ठरलेलं आहे. ५० मिली तिळाच्या तेलात २० थेंब, म्हणजे साधारण १ मिली, म्हणजे २ टक्के. वयस्कर माणूस किंवा नाजूक त्वचा असेल तर १० थेंबच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची. गरोदर बाईला आणि लहान मुलांना मी हे लावत नाही.

एवढं पाळलं तर तेल उत्तम काम देतं. लावलेल्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, कातडी उबदार होते, आखडलेला स्नायू हाताखाली सैल पडायला लागतो. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्या, रिक्षावाल्यांची मान, डिसेंबरातल्या पहाटे धावायला जाणाऱ्यांच्या मांड्या, ही त्याची खरी ठिकाणं. मात्र अर्धं श्रेय मी चोळणाऱ्या हाताला देते. ताजा मुरगळा असेल, सूज गरम असेल, तर तिथे ऊब नको. त्या दिवशी मी बाटली उघडतच नाही.

कॅरियोफायलीन शरीरातल्या सीबी२ नावाच्या ग्राहकाशी जुळतं, हे २००८ साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून दुकानदार ते वेदनाशामक म्हणून सांगत सुटले आहेत. त्या प्रयोगात ते उंदरांना तोंडावाटे दिलं होतं आणि त्यांची सूज उतरली होती. त्यावरून माझ्या वाटीतल्या दोन टक्क्यांबद्दल वचन देणं मला पटत नाही.

३. बाटलीचं वय विचारा

पाइनीन आणि लिमोनीन हवेशी संयोग पावतात आणि त्यांतून तयार होणारी द्रव्यं त्वचेला त्रास देतात. ताज्या तेलाने ज्याला काही झालं नाही, त्याच माणसाला त्याच बाटलीने वर्षा-दोन वर्षांनी पुरळ उठू शकतं. अर्धी रिकामी बाटली जास्त वाईट, कारण तिच्यात हवा जास्त. मी १० मिलीच्या गडद काचेच्या बाटल्याच घेते, उघडल्याची तारीख चिकटवते आणि फ्रिजच्या दारात ठेवते. जुनं झालेलं तेल लादी पुसायच्या पाण्यातही घालत नाही.

४. नाकातून घशापर्यंत

आबांना, माझ्या सासऱ्यांना, पक्षाघात झाला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण गिळणं बिघडलं. पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होईल, अशी डॉक्टरांना भीती होती. पेज, घट्ट दही, मऊ केळं, सगळं चमच्याने. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, हे गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंनी आम्हाला दाखवलं होतं.

त्या काळात जपानमधला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. २००६ साली एबिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांतल्या १०५ वृद्धांचे तीन गट केले होते. एका गटाला जेवणाआधी एक मिनिट मिरीच्या तेलाचा वास दिला, दुसऱ्याला लव्हेंडरचा, तिसऱ्याला नुसत्या पाण्याचा. महिनाभराने मिरीच्या गटात गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया लवकर होऊ लागली होती. ज्यांना तोंडाने औषध द्यायचीच भीती, त्यांना नाकावाटे काही देता येतं, ही कल्पनाच मला फार मोठी वाटली.

मी थेरपिस्टबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, व्यायाम आणि बसण्याची पद्धत सोडायची नाही, मग वास द्यायला हरकत नाही. कागदाच्या पट्टीवर एक थेंब, नाकापासून चार बोटं लांब, एक मिनिट, दिवसातून तीनदा. आबांना तो वास आवडायचा. पट्टी दूर केली की ते डाव्या हाताने ती पुन्हा जवळ ओढत. सहा आठवड्यांनी ते पातळ पेज ठसक्याशिवाय घेऊ लागले. व्यायामाने झालं, काळाने झालं की वासाने, हे एका माणसावरून ठरत नाही आणि मी ते ठरवायला जात नाही. जेवणाआधीच्या त्या मिनिटात घर शांत असायचं, टीव्ही बंद, कुणी घाई करत नसे. तेही मोजायला हवं.

५. हाताला काही हवं असतं

सिगारेट सोडणाऱ्यांसाठीही हे तेल वापरतात. १९९४ साली अमेरिकेत ४८ धूम्रपान करणाऱ्यांवर प्रयोग झाला होता. मिरीची वाफ ओढणाऱ्यांची तलफ इतरांपेक्षा कमी झाली, छातीत काहीतरी जाणवलं याने त्यांचं समाधान झालं. माझ्याकडे येणाऱ्या एका बसचालकाने रुमालाच्या कोपऱ्यावर दोन थेंब टाकून चार महिने काढले. दुसऱ्या एकाने तिसऱ्या दिवशी रुमाल परत केला.

६. जोडीला काय घालायचं

एकटं मिरीचं तेल खोलीत फार वेळ फिरवू नये, नाक थकतं. डिफ्यूजरमध्ये संत्र्याचे तीन थेंब असतील तर मिरीचा एक. गवती चहाबरोबर पावसाळी दिवसांत छान, आल्याबरोबर थंडीत. गुलाबात मिरीचा अगदी अर्धा थेंब, म्हणजे आधी दुसऱ्या तेलात पातळ करून घातलेला, गुलाबाचा गोडवा कापतो आणि तो फुलासारखा वाटू लागतो, सरबतासारखा नाही.

७. हलक्या मिरीची किंमत

तेलात भेसळ स्वस्त टर्पिनांची होते, ती नाकाला सहज कळत नाही. म्हणून मी लेबलवर पायपर नायग्रम हे नाव, बॅच क्रमांक आणि तपासणीचा अहवाल बघते. खाद्यतेल मिसळलं असेल तर घरीच कळतं. टिपकागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघायचं, तेलकट डाग उरला तर ती बाटली घ्यायची नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आजीच्या सुपाने. घोसातला एखादा मणी तांबूस झाला की घोस उतरवायचे, मणी सोडवून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचे आणि खळ्यात वाळवायचे. वाळल्यावर आजी पाखडायला बसे. भरलेले मणी सुपात राहत, हलके, कोवळे पुढे उडून पडत. व्यापारी त्या हलक्या मिरीला अर्धाही भाव देत नसे आणि आजी ती मुकाट्याने देऊन टाकी. पुढे कळलं की पूर्ण पक्व होण्याआधी तोडलेल्या मण्यांत तेलाचं प्रमाण जास्त असतं, कारखाने तेल काढायला असलीच मिरी घेतात. भाऊ आता ती विकत नाही. यंदा फाल्गुनात त्याने हलक्या मिरीचं एक पोतं भट्टीसाठी बाजूला ठेवलं आहे आणि माझ्या बाटल्या इथे धुऊन, उन्हात पालथ्या घालून ठेवल्या आहेत.