लष्करी अळी

सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे होत. ऊस, मका व ज्वारी ही पिके येथे मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. मक्याची हिरवी ताटे जनावरांना वैरण म्हणून घालतात, तर त्याचे दाणे माणसांच्या व कोंबड्यांच्या उपयोगी पडतात. अशा या पिकांवर २०१८ साली एक नवीनच संकट आले. ते आणले एका लहानशा पतंगाने.

हा पतंग मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. २०१६ साली तो आफ्रिकेत आढळला. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात त्याची नोंद झाली आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात उसावर त्याच्या अळ्या सापडल्या. वारा अनुकूल असला, तर तो एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो.

पतंगाचा रंग करडा असून पंखांचा विस्तार साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास असतो. दिवसा तो पानांआड दडतो व रात्री संचार करतो. मादी पानावर १०० ते २०० अंड्यांचा पुंजका घालते व अंगावरील मऊ केसांनी तो झाकते. दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. त्या प्रथम पान खरवडतात, मग पोंग्यात शिरतात. पोंग्यातील पाने गुंडाळलेली असतात. म्हणून ती उलगडली की त्यांवर छिद्रांची ओळ दिसते. अळीच्या डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडे चार ठिपके चौकोनात असतात. यांवरून ती ओळखावी.

एका शेतातील अन्न संपले, की या अळ्या सैन्याप्रमाणे दुसऱ्या शेतावर चालून जातात. म्हणून त्यांस लष्करी अळी हे नाव पडले. परंतु या सैन्यात एकी नाही! एकाच पोंग्यात सापडल्या, तर त्या एकमेकींनाच खातात.

सुमारे दोन आठवड्यांनी अळी जमिनीत शिरून कोष करते व आठ-नऊ दिवसांनी त्यातून पतंग निघतो. कडक थंडी तिला सोसत नाही. पण कृष्णेच्या खोऱ्यात तशी थंडी पडत नाही आणि शेतात बाराही महिने काही ना काही हिरवे असतेच. त्यामुळे तिची पिढ्यान् पिढ्या वाढ होत राहते.

मात्र तिलाही शत्रू आहेत. नांगरटीने उघडे पडलेले कोष पक्षी वेचून खातात. ट्रायकोग्रामा नावाचा चिमुकला कीटक तिच्या अंड्यांत आपली अंडी घालून त्यांचा नाश करतो. कामगंध सापळ्यांत नर पतंग अडकतात. तथापि मोठी झालेली अळी पोंग्यात खोल दडते व औषधही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पीक लहान असतानाच जो शेतकरी पान अन् पान पाहतो व अंड्यांचे पुंजके वेचून नष्ट करतो, त्याचे पीक वाचण्याची आशा अधिक.